तिसरी खुर्ची

लॅबच्या दाराशी चपला काढून ठेवायच्या, हा ओब्वोया सरांचा नियम. युगांडातल्या आमच्या गुलूची लाल धूळ कॉम्प्युटरच्या पोटात गेली की तो मरतो, आणि नवा मिळेपर्यंत तीन मंत्री बदलतात, असं ते म्हणतात. परीक्षेच्या सकाळी मी माझ्या चपला इतरांपासून जरा लांब, भिंतीला टेकवून ठेवल्या. पळावं लागलं तर पटकन सापडाव्यात. बाळ झाल्यापासून मी कुठेही गेले तरी बाहेर पडायची वाट आधी पाहून ठेवते.

खिडकीबाहेर आंब्याखाली चटई टाकून सासूबाई बसल्या होत्या. मांडीवर अनेना, आठ महिन्यांची. आत येण्याआधी मी तिला दोन्हीकडून पाजलं होतं.

"किती वेळ?" सासूबाईंनी विचारलं.

"दोन तास, आई."

"दोन तास बटणं दाबायची? तेवढ्यात माझं अर्ध्या शेतात तीळ पेरून होईल."

"नुसती बटणं नसतात, आई."

"असू दे. नापास झालीस तर पेरायला माणूस हवंच आहे."

हे त्या हसून म्हणाल्या, पण ठरलेलं होतं तसंच. पहिल्या सत्राचं प्रात्यक्षिक पास झाले तर मी इथे गुलूत राहून कोर्स पुरा करायचा, नाहीतर बाळाला घेऊन पाडेरच्या आमच्या शेतावर जायचं. नवरा सीमेपलीकडे जुबाच्या रस्त्यावर ट्रक चालवतो, महिन्यातून चार दिवस घरी असतो. तो दोन्हीकडे मान डोलावतो. आणि मला पुन्हा बसता येणार नव्हतं. गेल्या वर्षी परीक्षेच्या दिवशी मी प्रसूतिगृहात होते. कॉलेजच्या नियमात बाळंतपण म्हणजे गैरहजेरी. फेरपरीक्षा एकदाच मिळते. माझी ती हीच होती.

अभ्यास मला येत होता. भीती वेगळीच होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती.

आमच्या लॅबमध्ये वीस कॉम्प्युटर आणि वर्गात साठ जणं. एका कॉम्प्युटरसमोर तीन खुर्च्या. पहिल्या खुर्चीवरच्याच्या हातात माउस, दुसरीवरच्याकडे कीबोर्ड, तिसरीवरच्याने पुस्तक धरून पायऱ्या वाचायच्या. आठवड्याला जागा बदला असं सर सांगायचे, पण सर दुसऱ्या ओळीत गेले की जो जिथे बसला तो तिथेच. पहिल्या दिवशी आमच्या शेजारच्या ओजाराने माउस धरला तो धरलाच. लालाम कीबोर्डवर बसली, कारण तिने बहिणीच्या टायपिंगच्या दुकानात काम केलं होतं. आणि माझ्या मांडीवर अनेना.

"अनेनाची आई, तुझे हात भरलेत," ओजारा म्हणाला होता. "तू वाच. तुझं इंग्रजीही बरं आहे. माझं फुटबॉलच्या समालोचनापुरतंच."

मला ते आवडलं होतं, खोटं कशाला सांगू. मी इंग्रजी पायरी वाचायची आणि लगेच आमच्या आचोली भाषेत सांगायची: हे निवड, इथे जा, आता एन्टर. दोघं तसतसं करायचे. आमचं काम सगळ्यांच्या आधी व्हायचं. सर म्हणायचे, या कॉम्प्युटरचं डोकं तिसऱ्या खुर्चीवर आहे. डोकं खूश होतं. सत्र संपायला तीन आठवडे राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं, की गेल्या वर्षी पोटुशी असतानाही मी वाचणारीच होते, आणि अजून मी माउस हातात धरलेलाच नाही. वर्ग सुटल्यावर थांबून सराव करावा तर दूध भरून यायचं, आणि घरची वाट पाऊण तासाची.

मग मी घरी टेबलावर निळ्या साबणाची वडी ठेवून ती इकडून तिकडे सरकवायची, बोटाने दोनदा टकटक करायची. सासूबाईंनी एकदा पाहिलं. "कपडे कुठायत?" म्हणाल्या.

परीक्षेत वीस-वीस जणांच्या तुकड्या, प्रत्येकाला एक कॉम्प्युटर. आमच्या तिघांचे आकडे ओळीने आले: माझा अकरा, ओजाराचा बारा, लालामचा तेरा. परीक्षक म्हणून कंपालाहून नाबुकेन्या मॅडम आल्या होत्या. पांढरा ब्लाउज, गळ्यात दोरीला लावलेला पेनड्राइव्ह, आणि आचोलीचा एक शब्द येत नाही. ओब्वोया सरांना दाराबाहेर स्टूल दिलं होतं. तिथून ते फक्त बघू शकत होते.

"बोलायचं नाही, वळायचं नाही," मॅडम म्हणाल्या. "तीन प्रश्न. पत्र, गुणांचा तक्ता, आणि तक्त्यावरून आलेख. सगळं तुमच्या आकड्याच्या फोल्डरमध्ये. पन्नासला पास."

पडद्यावर माझं फोल्डर होतं. अकरा. उघडायला त्याच्यावर दोनदा टिचकी मारायची.

मी मारली. नाव निळं झालं आणि त्यात रेघ लुकलुकायला लागली. फोल्डर उघडलं नाही. पुन्हा मारली, पुन्हा नाव निळं. माझं बोट सावकाश पडत होतं आणि कॉम्प्युटरला वाटत होतं मला नाव बदलायचंय. साबणाच्या वडीने हे कधी सांगितलं नव्हतं. तिसऱ्यांदा माउस हातातून घसरला आणि बाण पडद्याच्या कोपऱ्यात जाऊन बसला. भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटं गेली होती. ओजाराच्या पलीकडे लालामची बोटं पाऊस पडल्यासारखी वाजत होती.

मी डोळे मिटले. पुस्तकाचं पान समोर आलं, डावीकडे वर, चौकटीत. आणि ओठ आपोआप हलले. आचोलीत. "एकदा निवड. मग एन्टर."

एकदा निवडलं. एन्टर दाबलं. फोल्डर उघडलं.

त्यानंतर मी थांबले नाही. मी पायरी म्हणायची आणि हात ती करायचा. न म्हणता करून पाहिलं तर हात नुसता पडून राहायचा, कुणी बोलावल्याशिवाय न येणाऱ्या पाहुण्यासारखा. पत्र झालं. तारीख उजवीकडे नेली. तक्ता उघडला. बाहेर अनेना कुरकुरली, मग गप्प झाली. मी मनात मोजलं: पाजून सव्वा तास.

"नंबर अकरा."

मॅडम माझ्यामागे उभ्या होत्या.

"ओठ बंद."

मी ओठ बंद केले. हात बंद पडला. बेरजेच्या रकान्यात बाण उभा, आणि पुढे काय ते मला नीट माहीत होतं. फक्त ते हातापर्यंत पोचत नव्हतं. दोन मिनिटं. तीन. मग मी इतक्या हळू म्हटलं की माझं मलाच ऐकू आलं नसेल असं वाटलं. "शेवटच्या चौकटीत जा. बरोबरीचं चिन्ह."

"नंबर अकरा, उभी राहा."

सगळा वर्ग थबकला. मॅडमनी माझ्या पडद्याकडे पाहिलं, मग ओजाराच्या. मग लालामच्या. तिघांचा बाण शेवटच्या चौकटीत होता. तिघांनी बरोबरीचं चिन्ह टाकलं होतं.

मला खरंच ठाऊक नव्हतं. मी फक्त माझ्यापुरतं बोलत होते. पण ते दोघं पाच महिने माझ्या आवाजावर चालले होते, आणि आवाज ओळखीचा होता.

"आत्ता काय म्हणालीस ते इंग्रजीत सांग."

मी सांगितलं.

"कुणाला सांगत होतीस?"

"माझ्या हाताला."

कुणीतरी खुदकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. "आणि याच्या हाताला?" त्यांनी ओजाराकडे बोट केलं.

"मॅडम, एका कॉम्प्युटरला आम्ही तिघं. मी वाचणारी. मी माउस आज पहिल्यांदा धरलाय. बोलले नाही तर मला येत नाही. तुम्ही मला कुठेही बसवा, पण बोलू द्या."

त्या दाराकडे वळल्या. ओब्वोया सर स्टुलावरून अर्धे उठले होते. "खरं आहे?"

"एका कॉम्प्युटरला तीन खुर्च्या, मॅडम," सर म्हणाले. "ते खरं आहे. जागा बदलत नव्हते, हे मी पाहायला हवं होतं."

मॅडमच्या हातात तपकिरी पाकीट होतं. रद्द झालेला पेपर त्यात जातो हे आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी ते दोन्ही हातांनी धरलं, अंगठ्याने त्याची कड दाबत राहिल्या. मी फक्त त्या अंगठ्याकडे बघत होते.

"लॅबच्या कोपऱ्यातल्या तुमच्या काचेच्या खोलीत कॉम्प्युटर चालतो का?" त्यांनी सरांना विचारलं.

"चालतो."

"हिचं फोल्डर तिकडे न्या. दार उघडं राहील." मग त्या माझ्याकडे वळल्या. "मला तू दिसली पाहिजेस. हवं ते बोल. पण तुझा आवाज इकडे एकदा जरी आला, तर या पाकिटावर मी अकरा लिहीन. वेळ वाढवून मिळणार नाही."

या सगळ्यात अठरा मिनिटं गेली. चाळीस उरली.

काचेच्या खोलीत सरांचं टेबल, कुलूपबंद कपाट आणि आंब्याच्या बाजूला एक खिडकी. मी बसले आणि कुजबुजायला लागले. बेरीज. सरासरी. ओढून खालपर्यंत ने. आवाज किती असला की तो दारापर्यंत जातो, हे मला कळत नव्हतं. बाळ झोपलेलं असताना जसं बोलतो तेवढाच ठेवला.

तेवढ्यात अनेना रडायला लागली. कुरकुर नव्हे, भुकेचं रडणं, जे मला तीन घरांवरूनही ओळखू येतं. ब्लाउज एका क्षणात भिजला. मी एक दंड छातीवर दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने माउस सरकवत राहिले. रडणं जवळ आलं. खिडकीत सासूबाई उभ्या होत्या.

त्यांनी मला पाहिलं. एकटी बसलेय, भिजलेय, आणि पडद्याशी बोलतेय. त्यांनी तोंड उघडलं. त्या एक शब्द बोलल्या असत्या तरी माझं संपलं असतं; परीक्षेत बाहेरच्या माणसाशी बोलणं म्हणजे सरळ पाकीट. मी मान हलवली, एवढीशी. मॅडम लॅबमधून बघत होत्या.

सासूबाईंनी तोंड मिटलं. अनेनाला खांद्यावर टाकलं आणि त्या फाटकाकडे चालू लागल्या, भराभर, अनवाणी. रडणं लांब जात गेलं. मग ऐकू येईना. ते ऐकू येत होतं तोवर निदान मला कळत होतं, बाळ कुठे आहे.

सोळा मिनिटं. आलेख राहिला होता.

आलेखाची पायरी पुस्तकात सगळ्यात लांब आहे. मी म्हणायला लागले: नावांपासून गुणांपर्यंत निवड, मग वरच्या पट्टीत जा. म्हणता म्हणता काचेतून नजर गेली. ओजारा माउसवर हात ठेवून बसला होता. हात हलत नव्हता. पाच महिने लॅबमधला सगळ्यात चपळ हात, आणि तो थिजलेला. पलीकडे लालाम तक्त्याचे आकडे पुन्हापुन्हा पुसून लिहीत होती.

ओजाराने मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. सरळ तोंडाकडे.

आवाज चार बोटं वर नेला असता तर त्याला मिळाला असता. पुढची एकच पायरी. त्याच्या मोठ्या भावाने त्याला शिकवायला बैल विकलाय, हे मला माहीत होतं. अनेना जन्मली तेव्हा दवाखान्यात दूध घेऊन आलेला तोच.

मी मान खाली घातली आणि आवाज आणखी उतरवला. याला मी प्रामाणिकपणा म्हणणार नाही. मी घाबरले होते.

आलेख आला. पहिल्यांदा आडवा, मग उभा. पत्रात बसवला. साठवला. मॅडम आत आल्या, गळ्यातला पेनड्राइव्ह लावला, माझं फोल्डर त्यावर घेतलं आणि उघडून पाहिलं. पत्र, तक्ता, आलेख. त्यांनी पेनड्राइव्ह काढला.

"पुढच्या सत्रात," त्या म्हणाल्या, "पहिल्या खुर्चीवर बस."

मी धावले. चपला भिंतीशी होत्या तशाच होत्या, पण घालायला थांबले नाही. सासूबाई फाटकाबाहेर भुईमुगाच्या लगद्यात बुडवलेली बोटं अनेनाला चाटवत होत्या. मी तिथेच वाटेच्या कडेला बसून तिला घेतलं.

"तू कुणाशी बोलत होतीस?" त्यांनी विचारलं.

"स्वतःशी."

"वाटलंच. मी पण पेरताना बोलते." मग त्या माझ्या चपला आणायला गेल्या.

ओजारा बाहेर आला तेव्हा मी अजून बसलेली होते. तो माझ्यासमोर थांबला.

"ओठ दिसत होते तुझे," तो म्हणाला. "काचेतून आवाज येत नाही, ते तेव्हा कळलं."

तो गेला.

तीन आठवड्यांनी यादी लागली. मला अठ्ठावन्न. लालामला त्रेपन्न. ओजाराला त्रेचाळीस, आणि नावापुढे फेरपरीक्षेची खूण. दहा दिवसांनी.

शनिवारी लॅब रिकामी असते. ओब्वोया सरांकडून किल्ली घेऊन मी सरावाला गेले तर ओजारा आधीच दाराशी बसला होता, चपला काढून. सरांनीच त्याला बोलावलं असावं. आम्ही आत गेलो. सवयीने तो पहिल्या खुर्चीकडे वळला.

मी आधी जाऊन तिथे बसले. पुस्तक त्याच्यापुढे केलं.

"मला हात आहेत, मला पुस्तक नको," तो म्हणाला.

"तुझे हात मी पाहिले त्या दिवशी."

बाहेर आंब्याखाली सासूबाई अनेनाशी काहीतरी बोलत होत्या. मग त्याने तिसरी खुर्ची ओढली, पान उघडलं, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून अडखळत वाचायला लागला. मी माउस धरून वाट बघत बसले. त्याने सांगितल्याशिवाय हलवायचा नाही, हे मी ठरवलं होतं.