मागचं गेट

“घरची अडचण,” झुंबरबाई म्हणाली आणि पंख्याकडे बघत बसली.

“कसली अडचण, मावशी?”

“अडचण म्हंजी अडचण. तिला काय नाव-गाव ऱ्हातं का, म्याडम?”

दैवशालानं पेन खाली ठेवलं. जालन्याबाहेरच्या या बियाण्यांच्या कारखान्यात काम सोडणाऱ्याला ‘का सोडता’ हे विचारणं तिच्याकडे होतं. बी निवडणाऱ्या बायका एकामागून एक चालल्या होत्या आणि जाणारी प्रत्येक हेच दोन शब्द मागे ठेवून जात होती. व्यवस्थापक राधेश्याम सकाळीच म्हणाले होते, “कारण कळत नसेल तर राहू द्या. पुढच्या महिन्यापासून ठेकेदाराची माणसं आणू. उरलेल्या बायकांनाही मोकळं करू.”

उरलेल्या म्हणजे राजूर-केदारखेड्याकडून जीपमध्ये दाटीवाटीनं येणाऱ्या. मिरचीचं बी, भेंडीचं बी, कपाशीचं बी. पोचट ते बाजूला, भरीव ते परातीत. झुंबरबाई तर गप्पा मारत निवडायची, बी तिच्या बोटांखालून आपणहून वेगळं होत जायचं.

“इथं नको वाटतंय का बोलायला?”

झुंबरबाईनं काचेपलीकडच्या वर्दळीकडे पाहिलं. “चला मंग जीपपर्यंत. पण तुमचं गेट पुढचं, आमचं मागचं.”

“आज मी बी मागूनच येते.”

सुटी झाली. मागच्या गेटवर रांग लागली होती. महागाचं बी चिमूटभरही बाहेर जाऊ नये म्हणून पहारेकरी मच्छिंद्र डबे उघडून बघत होता आणि प्रत्येकीला खालमानेनं सांगत होता, “पदर झटका.” बायका खांद्यावरून पदर काढायच्या, हवेत झटकायच्या, पुन्हा घ्यायच्या. पलीकडे ट्रकवर बसलेले हमाल बघत होते. झुंबरबाईनंही झटकला.

“तुम्ही जा म्याडम,” मच्छिंद्र दैवशालाला म्हणाला. “तुम्ही आफिसातल्या.”

‘तपासणी’ हा शब्द दैवशालानं कितीदा टाइप केला होता. तो असा दिसतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

जीपपाशी आल्यावर झुंबरबाई ‘म्याडम’ म्हणाली नाही.

“मला सवय झाल्ती, पोरी. पण आता सून लागली ना इथंच, दीपमाला. घरी ती माझ्या पाया पडून निघती, अन् इथं मी तिच्यासमोर पदर झटकून राह्यले. काल तिनं मान फिरवली. हसली असती तर परवडलं असतं.”

“मंग आधीच सांगायचं ना, मावशी.”

“सांगू? पह्यल्यांदा बोलंल तीच चोर. म्हन्तेत, हिच्याच पदरात असंल काईतरी.” ती जीपमध्ये चढली. “माझं नाव घेऊ नको. सुनेला तरी टिकू दे.”

दुसऱ्या दिवशी दैवशाला राधेश्यामांसमोर उभी राहिली. तिनं सगळं सांगितलं, नाव सोडून.

“हे तुम्हाला बोललं कोण?”

“मी बघितलं, सर.”

“बी सोन्याच्या भावाचं आहे, मॅडम. तपासणी बंद होणार नाही.”

“बंद नका करू. आडोशाला करा, बाईच्या हातून करा. अन् सगळ्यांची करा. माझी, तुमची.”

राधेश्याम हसले. “बघू. तुम्ही आपलं ‘घरची अडचण’ लिहा.”

“न्हाई लिहिणार, सर.”

संध्याकाळी ती मागच्या गेटच्या रांगेत शेवटी उभी राहिली. बायका कुजबुजल्या. “काय म्याडम, आज जीपनं का?” एकीनं टोमणा मारला. दैवशाला रांगेबरोबर पुढे सरकत राहिली. तिची पाळी आली तेव्हा मच्छिंद्र चाचरला.

“तुमचं न्हाई, म्याडम.”

“मी बी कामालाच हाय इथं.”

तिनं डबा उघडून त्याच्यापुढे धरला. तेवढ्यात कुणीतरी सांगितल्यावरून राधेश्याम ऑफिसातून चालत आले. “हे काय चाललंय?”

“सुटी झाली, सर. तपासणी.”

एका हातात डबा, खांद्याला पर्स. ओढणीची पिन निघेना. गेटाबाहेर गेलेली दीपमाला परत आत आली. तिनं पर्स घेतली, डबा घेतला आणि समोर उभी राहिली. या वेळी तिनं मान फिरवली नाही.

दैवशालानं ओढणी काढली आणि झटकली.

ट्रकवरचे हमाल खाली उतरले, उगाच टायरं बघू लागले. राधेश्याम जमिनीकडे पाहत होते. मग त्यांनी मच्छिंद्रला विचारलं, “गोदामात ताडपत्री आहे का रे एखादी?”

“हाय, साहेब.”

दीपमाला तशीच थांबली होती. दैवशालाची ओढणी दोन्ही खांद्यांवर नीट बसेपर्यंत तिनं पर्स परत दिली नाही.