पाचव्या कप्प्यातला तुकडा

मित्रांनो, मी एक जुनी चंची आहे. जुनी म्हणजे रंग विटलेली, फाटलेली नव्हे. माझा एकही टाका अजून उसवलेला नाही. चंची म्हटलं की तुम्हांला पान, सुपारी आणि तंबाखू आठवेल. त्यातलं काही माझ्या वाट्याला आलं नाही. मी वाणसामानाची यादी होते. कन्हेरीच्या कुंडलिकच्या घरात अक्षर कुणालाच वाचता येत नव्हतं, तरी त्या घरची यादी बारामतीच्या पेठेत सगळ्यांत नेटकी होती. थोडी शेखी मिरवते आहे, मिरवू द्या. पुढं मिरवण्यासारखं काही नाही.

माझा जन्म पळसदेवचा, भीमेच्या काठचा. नकोशीनं लग्नाआधी मला शिवलं. चौथीही मुलगीच झाली म्हणून आईबापांनी तिचं नाव नकोशी ठेवलं होतं. लग्नात नाव बदलायची रीत आहे, पण सासू द्वारकाबाई म्हणाली, आहे ते बरं आहे. तेव्हा नकोशी हेच नाव घेऊन ती कन्हेरीला आली, आणि तिच्या ट्रंकेत घडी घालून मी आले.

खणाच्या चिंध्यांची मी, आतून मांजरपाटाची. मला सात कप्पे, प्रत्येक कप्प्याला झाकण आणि झाकणाला दोरी. पहिला कप्पा मिठाचा, दुसरा मिरचीचा, तिसरा हळदीचा, चौथा डाळीचा, पाचवा औषधाचा, सहावा चहाचा आणि सातवा सटरफटर जिनसांचा. जिन्नस संपत आला की त्यातला चिमूटभर माझ्या पोटात पडायचा. कप्पा रिकामा असेल तर ते आणायचं नाही. दोरीला एक गाठ म्हणजे पावशेर, दोन म्हणजे अर्धा शेर, चार म्हणजे शेर. गाठच नसेल तर नुसतं थोडंसं. इतकं सोपं होतं.

दर गुरुवारी कुंडलिक कालव्याच्या पाण्यावरची वांगी, भेंडी गाडीत भरून बारामतीच्या बाजाराला जाई आणि येताना मला तात्याबा वाण्याच्या पुढ्यात टाकी. तात्याबा एकेक झाकण उघडी, गाठी मोजी आणि तागडी उचली. नकोशी येण्याआधी ही यादी द्वारकाबाईच्या तोंडात असे. गाडी ओढ्यापार होईपर्यंत ती एकेक जिन्नस ओरडून सांगायची, कुंडलिक त्यातलं निम्मं विसरून यायचा, आणि मग आठवडाभर मुलाला टाकून बोलायचं सुख तिला मिळायचं. ते सुख मी हिरावून घेतलं.

एकदा तात्याबानं मला चार गिऱ्हाइकांसमोर उंच धरून दाखवलं. म्हणाला, शिकलेल्यांच्या चिठ्ठीत मीठ दोनदा असतं आणि हळद एकदाही नसते, हिच्यात तसं कधी झालं न्हाय. कुंडलिकनं ते कौतुकानं घरी सांगितलं. त्या दिवशी द्वारकाबाईनं आमटी खारट झाली म्हणून ताट पुढं सरकवलं. मीठ रोजच्याइतकंच होतं. ते मला ठाऊक, कारण मीठ माझ्याच हिशेबानं यायचं.

चौतीस सालच्या हिवाळ्यात द्वारकाबाईचे गुडघे पुन्हा धरले. बचनाग घालून उकळलेलं तेल ती गुडघ्यांना चोळी. बचनाग म्हणजे जहर. तेल चोळून झालं की ती राखेनं हात घासून धुवायची. तेलात काय असतं हे तिनं मुलाला कधी सांगितलं नव्हतं. तो बचनाग तिचा भाऊ आणून देई, आणि भाऊ आधीच्या पावसाळ्यात वारला होता. तेल संपत आलं तशी एके सकाळी तिनं उरलेला तुकडा चुलीपाशी बसलेल्या सुनेच्या हातात दिला.

“हे ठेव तुझ्या त्या पिशवीत. गुडघ्याच्या तेलाला लागतंय,” ती म्हणाली.

नकोशीनं पिठाचे हात पुसले आणि तुकडा माझ्या पाचव्या कप्प्यात टाकला. घरात त्या वेळी त्या दोघीच होत्या, आणि खुंटीवर मी. आता चूक ऐका. आदल्या आठवड्यात मळ्यात गुऱ्हाळ चाललं होतं. रसाजवळ राबणाऱ्या माणसांना खोकला झाला म्हणून काढ्यासाठी सुंठ मागवली होती, अर्धा शेर. त्या दोन गाठी सोडायच्या राहिल्या होत्या. एवढ्या वर्षांत नकोशीच्या हातून राहिलेल्या त्या पहिल्याच गाठी. मला कळत होतं. पण मला तोंडं सात, आणि जीभ एकातही नाही.

तात्याबानं चौथ्या कप्प्याची डाळ तोलली आणि पाचवं झाकण उघडलं. तुकडा तळहातावर घेऊन त्यानं निरखला, मग दोरी बोटांत धरून गाठी मोजल्या. पुन्हा मोजल्या.

“कुंडलिकराव,” तो हळू आवाजात म्हणाला, “अर्धा शेर बचनाग कुणाला घालायचाय?”

दुकानात पाच-सहा माणसं होती. त्यातला एक हसला आणि म्हणाला, घरी मालकिणीचं बरं चाललंय ना. बाकीचेही हसले. कुंडलिक हसला नाही. तोललेलं सामान तिथंच टाकून तो उठला, आणि त्या दिवशी बैलांनी जेवढा मार खाल्ला तेवढा कधी खाल्ला नसेल. मी त्याच्या मुठीत चुरगळले होते.

अंगणात त्यानं मला नकोशीच्या पायांवर फेकलं. आवाज ऐकून आळीतली माणसं जमली; शेजारची सरुबाई सगळ्यांच्या पुढं. नकोशीनं मला उचललं, दोरीवरून बोट फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला. ती म्हणाली, आत्याबाईंनी तेलासाठी सांगितलं होतं, गाठी मात्र माझ्याकडनं राहिल्या. सगळ्यांनी द्वारकाबाईकडं पाहिलं.

“म्या न्हाय सांगितलं,” द्वारकाबाई म्हणाली. “माझ्या तेलात ओवा असतुया.”

मित्रांनो, हे पहिलं खोटं मी तिला माफ केलं असतं. मुलगा संतापला होता, आळी बघत होती, माणूस घाबरतो. दुसरं खोटं वेगळं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंडलिक शांत झाला होता. तो आईच्या शेजारी उकिडवा बसला.

“आई, खरं सांग. तू सांगितलं असशील तर तिला ठिवतो. न्हाय तर आजच पळसदेवला सोडून येतो.”

द्वारकाबाई लुगडं झटकून त्याची घडी घालत होती. तिनं खुंटीवर माझ्याकडं पाहिलं. घाई नव्हती, भीती नव्हती, आळीतलं कुणी नव्हतं. तिनं घडी पुरी केली.

“एकदा सांगितलं न्हवं का?” ती म्हणाली.

नकोशी रडली नाही. निघताना तिनं मला घेण्यासाठी खुंटीकडं हात केला, तेवढ्यात सासू म्हणाली, “ती ऱ्हाऊ दे. पुरावा हाय.” नकोशीनं हात मागं घेतला. गाडी गेली, आणि पोटात बचनाग अन् दोरीला दोन गाठी घेऊन मी टांगलेली राहिले. तुकडा पुढं द्वारकाबाईनं गुपचूप काढून तेलात घातला. गाठी मात्र पुराव्याला ठेवल्या.

वैशाखात सारजा नावाची दुसरी सून आली. मला हात लावायचा नाही, असं तिला पहिल्याच दिवशी बजावलं गेलं. बाजाराच्या दिवशी द्वारकाबाई पुन्हा ओरडून जिनसा सांगू लागली, आणि घरात कधी मीठ नाही, कधी तिखट नाही, असं सुरू झालं. एकदा सरुबाई इंदापूरच्या बाजारातून आली ती नकोशीची खबर घेऊन. भावाच्या घरी राबते, म्हणाली. नवी चंची का शिवली नाहीस असं सरुबाईनं विचारलं, तर नकोशीचं उत्तर असं: “हातानं ठिवलेलं समद्यांना दिसतं, वैनी. तोंडानं सांगितलेलं कुणाला दिसतंय?” द्वारकाबाई तेव्हा उंबऱ्यात बसून होती. तिनं ऐकलं आणि पाणी मागितलं.

दोन हिवाळे गेले. तेल कधीच संपलं होतं. बचनाग मागायची सोय तिनं स्वतःच्या तोंडानं बंद केली होती. आधी तिनं काठी धरली, मग भिंत धरली, मग ती बसूनच सरकू लागली. आणि खरं सांगते, मला बरं वाटायचं. शिकवण देणाऱ्या वस्तूनं असं म्हणू नये, पण वाटायचं.

अखेर एका गुरुवारी सारजा पाण्याला गेलेली पाहून तिनं काठीनं मला खुंटीवरून पाडलं. तेलाच्या वाटीच्या तळाला चिकटलेला बचनागाचा खडा नखानं खरवडून पाचव्या कप्प्यात ठेवला. मग त्या दोन जुन्या गाठी तिनं दातांनी सोडल्या. गाठी पक्क्या बसल्या होत्या, वेळ लागला. बैल जुंपून कुंडलिक आत आला, तेव्हा तिनं मला त्याच्यापुढं धरलं.

त्यानं झाकण उघडलं. खडा पाहिला, मोकळी दोरी पाहिली, आईचे गुडघे पाहिले.

“तेलाला लागतंय रं, बाबा,” ती म्हणाली.

“तुझ्या तेलात ओवा असतुया,” कुंडलिक म्हणाला. त्यानं खडा बाहेर उकिरड्यावर झटकला आणि मला पुन्हा खुंटीला अडकवलं.

त्याला सगळं कळलं होतं. पळसदेवची वाट त्याला ठाऊक होती आणि गाडी दारात उभी होती. तो वांगी घेऊन बारामतीला गेला.

मित्रांनो, घरची यादी नीट ठेवा; काय हवं, किती हवं, सगळं जागच्या जागी ठेवा. पण ते कुणी मागितलं, हेही कुठंतरी ठेवायला विसरू नका. त्यासाठी मला कप्पा नव्हता. मला धुऊ नका, जपू नका, माझं कौतुक तर करूच नका. तुमच्यापैकी कुणी इंदापूरच्या बाजूला निघालं असेल तर एवढंच करा, मला पळसदेवला नेऊन नकोशीच्या हातात द्या. तिला म्हणावं, गाठी सासूनंच सोडल्या, स्वतःच्या दातांनी. पाचव्या दोरीवर दातांचे वळ अजून आहेत, ते तिला बोटानं चाचपू द्या.