समजूत घालायला आलेली माणसं

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे, आणि माणसांबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तुम्ही म्हणाल, सोफ्याला कसलं आलंय मत? पण जरा विचार करा. तुम्ही लोक एकमेकांची तोंडं पाहता, आणि तोंडाला खोटं बोलता येतं. माझ्या वाट्याला जी बाजू येते, तिला ते जमत नाही.

माझा जन्म एका अरुंद गल्लीतल्या दुकानात झाला. मला बनवणाऱ्या कारागिराला सगळे खिळेखाऊ म्हणत, कारण काम करताना तो मूठभर बारीक खिळे तोंडात धरायचा. जिभेनं एकेक पुढे ढकलायचा आणि हातोडीनं ठोकायचा. त्यानं माझी लाकडी चौकट जोडली, तरटाचे पट्टे ताणले, स्प्रिंगा सुतळीनं आवळून बांधल्या. त्यावर काथ्या घातला, काथ्यावर कापूस आणि वरून हिरवं जाड कापड. मग अंग टाकून बसला, दोनदा उसळला आणि "हूं" म्हणाला. माझं कौतुक झालं ते एवढंच.

मला घेतलं एका चष्मेवालीनं. तिचं पुढे दुकान आणि मागे घर होतं. मधे फक्त एक पडदा. त्यामुळे गिऱ्हाइकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावताना तिचा आवाज मला दिवसभर ऐकू यायचा. "आता खालची ओळ. नाही, नाही, डोळे बारीक करायचे नाहीत." नवरा केव्हाच घर सोडून गेला होता. घरात ती आणि तिची मुलगी. मुलीची बडबड सकाळी सुरू व्हायची ती झोपेतही थांबायची नाही, म्हणून आई तिला टकळी म्हणायची.

टकळी मोठी झाली आणि लहान मुलांना पोहायला शिकवू लागली. घरी आली की ओल्या केसांनीच माझ्या डाव्या कोपऱ्यात पाय वर घेऊन बसायची. आई ओरडायची, "अगं, कापड कुजेल त्याचं!" टकळी म्हणायची, "कुजू दे. सोफा आहे, कपाटात ठेवायची साडी नाही." माझं कापड खरंच कुजलं तिथे. खड्डाही पडला. पण माझ्यावर इतकं निर्धास्त कुणी बसलं नाही, हेही सांगायला हवं.

मग एकदा तिला ताप आला. ताप मेंदूपर्यंत गेला. हॉस्पिटलात नेली, ती परत आली नाही.

तिथून पुढे माझ्या नोकरीचा वाईट काळ सुरू झाला, कारण घरात समजूत घालणारी माणसं येऊ लागली.

मित्रांनो, पाहुणे मी पुष्कळ पाहिलेत, पण असा निकृष्ट माल कधी पाहिला नव्हता. एक बाई म्हणाल्या, "देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात." बाई स्वतः सत्तरीच्या होत्या आणि ठणठणीत होत्या. मग देवाचं त्यांच्याबद्दल काय मत असेल, हे त्यांच्या डोक्यात आलं नसावं. दुसऱ्या एका गृहस्थांनी "काळ हेच औषध" असं सांगितलं आणि जाता जाता म्हणाले, "आलोच आहे तर ही चष्म्याची दांडी जरा घट्ट करून देता?" तिनं दिली. तिसरी म्हणाली, "रडून घे गं, मोकळी हो." चष्मेवाली रडायला लागली, तशी ही घाबरून पर्स चाचपू लागली. लोकांना दुसऱ्याचं रडणं हवं असतं, पण बेताचं.

सगळ्यांत वरचा नंबर तिच्या थोरल्या भावाचा. टकळीचा मामा म्हणून सगळा परिवार त्याला मामाच म्हणायचा. मामाचं शरीर भलंमोठं. आल्या आल्या तो नेमका टकळीच्या खड्ड्यात धपकन बसला. बहीण काहीतरी बोलायला गेली आणि मग पाणी आणायला आत वळली. पुढे तो रोज तिथेच बसायचा.

"किती दिवस दुकान बंद ठेवणार?" तो म्हणायचा. "दुःखाचा काही उपयोग करून घे."

"दुःखाचा उपयोग?" तिनं विचारलं. "कसला, दादा?"

"ते मला नीट सांगता यायचं नाही. मी सरांना घेऊन येतो."

सर म्हणजे गावात मनःशांतीची शिबिरं घेणारे गृहस्थ. सभागृह भरून माणसं यायची म्हणे त्यांना ऐकायला. ते आले, माझ्यावर हळूच टेकले आणि डोळे मिटले. इस्त्री मोडू नये म्हणून पाठ टेकवली नाही. मग लोण्यासारख्या आवाजात म्हणाले, "ताई, दुःख हे वरदान आहे. तुमच्या मुलीनं तुम्हाला जागं करण्यासाठी देह ठेवला."

मी थक्क झालो. पोहायला शिकवणाऱ्या त्या पोरीला स्वतःचा टॉवेल कुठे ठेवला ते आठवत नसे, आणि ती म्हणे आईला जागं करायला मेली! पण बुडणारा माणूस हाताला काय लागतं ते बघत नाही. चष्मेवाली शिबिराला जाऊ लागली.

थोड्याच काळात तिच्यात फरक पडला. सगळे खूश झाले. ती हळू बोलायला लागली, सारखी मंद हसायला लागली. टकळीचे कपडे तिनं वाटून टाकले. दुकान उघडलं. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी आनंदात आहे. ती कुठेच गेलेली नाही." मामा छाती फुगवून सांगायचा, "बघा, आमच्या बहिणीनं दुःखावर मात केली!" जणू काही कुस्ती झाली होती आणि लंगोट यानं लावला होता.

मला मात्र वेगळंच जाणवत होतं. ती स्वतःच्याच घरात माझ्या अगदी कडेला बसायची, ताठ, परक्याच्या घरी आल्यासारखी. रडणारं माणूस सगळा भार टाकून बसतं. ही भार टाकतच नव्हती.

अशात वरच्या मजल्यावरच्या वकिलांची बायको गेली. वकील म्हणजे खणखणीत आवाजाचा, भांडकुदळ माणूस. जिन्यात पाणी सांडलं तरी कायद्याचं कलम सांगणारा. मामानं बहिणीला सुचवलं, "तू भेट त्यांना. तुला आता अनुभव आहे." तिनं निरोप पाठवला, आणि एका दुपारी वकील खाली आले. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण चुकलेलं. ते माझ्या मधोमध बसले.

तिनं हसरा चेहरा केला. "वकीलसाहेब, दुःख हे वरदान आहे. तुमच्या मिसेस तुम्हाला..."

"थांबा," वकील म्हणाले. "ताई, हे तुम्हाला खरं वाटतं?"

"म्हणजे, सर असं सांगतात की..."

"सर काय सांगतात ते मी विचारलं नाही. ऐकीव गोष्ट मी पुराव्यात धरत नाही. तुम्हाला वाटतं? हो की नाही?"

पडद्यापलीकडे गिऱ्हाईक आलं, दोन हाका मारल्या आणि निघून गेलं. ती उठली नाही.

"नाही," ती म्हणाली.

आणि मग तिला जे रडू फुटलं! ती माझ्यावर कोसळलीच. डोकं माझ्या हातावर, पाय वर. इतके महिने साठवलेलं सगळं वजन एकदम आलं. माझी एक स्प्रिंग कायमची वाकली त्या दिवशी. वकिलांनी पर्स चाचपली नाही, घड्याळ पाहिलं नाही. तेही रडत होते, नाक शर्टाच्या बाहीला पुसत होते. किळसवाणं दिसत होतं, पण चाललं.

"खरं सांगू?" ती मग म्हणाली. "वरून मी हसते आणि आतून देवाला रोज शिव्या घालते. घाण घाण शिव्या. तिथे शिबिरात डोळे मिटून बसते ना, तेव्हासुद्धा. पापच आहे हे."

वकिलांनी पुन्हा बाहीला नाक पुसलं. "ताई, भांडायला समोर कुणीतरी लागतं," ते म्हणाले. "म्हणजे समोरचा पक्ष हजर आहे, असं तुम्ही धरून चालला आहात. माझं तेही नाही. मी ओरडतो आणि खोलीत फक्त मीच असतो. तुमचं बोलणं तरी चालू आहे. बंद करू नका."

मित्रांनो, त्या घरात समजूत घालायला इतकी माणसं आली, पण तिला उपयोगी पडलेलं पहिलं वाक्य समजूत घालायला न आलेल्या माणसानं उच्चारलं.

तेव्हापासून तिनं एक नेम धरला. संध्याकाळी दुकान आवरलं की ती टकळीच्या खड्ड्यात येऊन बसायची, पाय वर घेऊन, आणि देवाशी मोठ्यानं भांडायची. "तिचा दोष काय होता, सांग." "तुला मूलबाळ नाही, तुला काय कळणार?" कधी टकळीच्या गमती सांगून हसायची. कधी बोलून बोलून थकायची आणि नुसती बसून राहायची. अशा वेळी तिचा श्वास संथ व्हायचा. शिबिरात विकत मिळते तसली ती शांती नव्हती. खूप भांडण झाल्यावरही दोघं त्याच घरात राहतात, तेव्हा असते ना, तशी काहीतरी होती.

काही दिवसांनी मामा आणि सर पुन्हा आले. मोठा मेळावा होता. तिनं व्यासपीठावर येऊन आपला अनुभव सांगावा, अशी सरांची इच्छा होती.

"नाही जमायचं, सर," ती म्हणाली.

"लोकांना बळ मिळेल, ताई."

"सर, माझ्याकडे काही गिऱ्हाइकं येतात. त्यांना अक्षरं दिसत नसतात, पण दुसऱ्याचं ऐकून पाठ झालेली असतात, म्हणून धडाधड म्हणून दाखवतात. मग चुकीचा चष्मा घेऊन जातात आणि जिन्यावरून पडतात. मी तुमच्याकडे तेच केलं. पाठ म्हटलं. मला अजून काहीही दिसलेलं नाही."

"अगं, काय बोलतेस!" मामा ओरडला. "सरांचा अपमान करतेस?"

"दादा, तू आधी तिथून ऊठ. ती तिची जागा आहे."

मामा उठला. उठताना माझा हात धरावा लागला त्याला. इतकं सुख मला खिळेखाऊच्या हातोडीनंतर कशानंच झालं नव्हतं.

सर निघून गेले. बाहेर त्यांनी मेळाव्यात काय सांगितलं असेल ते असेल. मला वाटलं, सुटलो.

पण पुढच्या वर्षी एका संध्याकाळी ते एकटेच आले. मागे शिष्य नव्हते. कपडे चुरगळलेले होते. त्यांचा धाकटा मुलगा रस्त्यावरच्या अपघातात गेला होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

"घरी बसवत नाही," ते दारातूनच म्हणाले. "सगळे माझीच वाक्यं मला ऐकवतायत."

खरं सांगतो, मी मनातून हरखलो. आता ही त्यांना म्हणणार, सर, दुःख हे वरदान आहे. मी वाट पाहत होतो. असा माणूस असा पुरता सापडलेला पुन्हा कधी मिळणार?

ती म्हणाली, "आत या. बसा." आणि टकळीच्या जागेकडे हात केला.

ते बसले. पाठ टेकवली आणि थेट तळाशी गेले. ती शेजारी बसली.

"काहीतरी सांगा ना, ताई," ते म्हणाले.

"मला काही माहीत नाही. तुम्हीच सांगा. कसा होता तो?"

सरांचा तो लोण्यासारखा आवाज कुठल्या कुठे गेला. घोगऱ्या आवाजात, अडखळत ते सांगू लागले, की पोरगा शीळ फार वाईट घालायचा, सकाळी उठल्यापासून घालायचा, आणि आपण त्याला सारखं रागवायचो, कारण ध्यानात व्यत्यय यायचा. हे सांगताना ते हसले आणि हसता हसता तोंड झाकून घेतलं. तिनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बस्स, एवढंच. उपदेश नाही, सुविचार नाही.

ते गेल्यावर ती माझ्यावर बसून नेहमीसारखी भांडायला लागली. "त्याचाही नेलास. त्याचंही उत्तर द्यावं लागेल तुला." मग थांबली. खड्ड्यावरून हात फिरवत हळूच म्हणाली, "पण मघाशी तू इथे होतास. एवढं कळलं मला."

आता वजन मला कळतं. त्या संध्याकाळी माझ्यावर दोनच माणसं बसली होती. पण तिच्याशी वाद घालायची माझी हिंमत नाही.

मित्रांनो, मी आता पुरता खिळखिळा झालो आहे. तरी दर आठवड्याला कुणी ना कुणी रडवेलं माणूस पडदा सारून आत येतं आणि माझ्यावर बसतं. चष्मेवालीचं दुःख गेलेलं नाही, पण त्यात आता दुसऱ्याला बसायला जागा झाली आहे. माझी तुम्हाला एकच विनंती आहे. कुणाचं माणूस गेलं आणि तुम्ही भेटायला निघालात, तर देवाच्या वतीनं बोलू नका. त्यानं तुम्हाला वकीलपत्र दिलेलं नाही. गेलेलं माणूस कसं होतं, ते विचारा आणि उत्तर संपेपर्यंत ऐका. तेवढा वेळ नसेल, तर येऊच नका. तुमच्याही घरी सोफा असेलच. त्याच्यावर बसा.