शेजारच्या खुर्चीचा तुटलेला वेत

सन दोन हजार बारा. त्या उन्हाळ्यात माझ्या बैठकीतला एक वेत तुटला. तसे आजवर माझे पुष्कळ वेत तुटले. कुणी माझ्यावर चढून पंखा पुसला, कुणी धपकन अंग टाकलं. पण तो एक वेत कसा तुटला ते सांगावं, असं फार दिवस मनात घोळतं आहे. मित्रांनो, मी एक जुनी खुर्ची आहे. अंग लाकडाचं, बैठक वेताची, आणि वय कृपा करून विचारू नका.

मला सुताराने घडवलं आणि माझी बैठक त्याच्या बायकोने विणली. विणताना ती गुणगुणायची आणि मध्येच हात थांबवून खिडकीबाहेर बघत राहायची. त्यामुळे माझ्या विणीत एका जागी भोक जरा मोठं राहिलं आहे. माझी स्वप्नं तिथूनच येत-जात असावीत. फार करून एकच स्वप्न पडतं. मी अजून झाड आहे, वारा पडलेला आहे आणि पानांमधून तारे दिसताहेत. झाड असताना मला त्यांची नावं ठाऊक नव्हती.

माझी पहिली नोकरी व्हायोलिनच्या क्लासात. वाजवणाऱ्याची खुर्ची वेगळी, मी शेजारची. माझ्यावर शिकवणाऱ्या बाई बसत. पोरांनी कितीही बेसूर वाजवलं तरी त्यांचे हात मांडीवर शांत असत. पुढे बाई थकल्या, क्लास बंद झाला, आणि मला कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवलं. वर्षं गेली. कोळ्याने माझ्या पायांत जाळं विणलं. मी म्हटलं, विण बाबा, तेवढीच सोबत.

मग एके दिवशी त्याच खोलीत कॉम्प्युटर आले आणि त्यांच्यामागून माणसं आली. पगाराची नोकरी दुसरीकडे करायची आणि संध्याकाळी इथे येऊन एक प्रोग्रॅम लिहायचा, असा त्यांचा उद्योग. प्रोग्रॅम आकाशाचा होता. गाव सांगा, वेळ सांगा, की पडद्यावर तिथलं आकाश उमटे. तो त्यांनी खुला ठेवला होता. म्हणजे कुणीही तो उघडून आतली घडण बघावी, चुकलं असेल ते सुधारावं आणि फुकट घरी न्यावा. स्वयंपाक तर वाढायचाच, वर स्वयंपाकघराचं दारही सताड उघडं ठेवायचं, असली ही मंडळी.

खोलीच्या किल्ल्या ताईकडे असत. ती दिवसा वाचनालयात काम करी. तिनेच मला भिंतीपासून सरळ केलं, पुसलं आणि म्हणाली, "ही शेजारची खुर्ची. शिकवणारा हिच्यावर बसेल."

दर उन्हाळ्यात एक मोठी संस्था विद्यार्थ्यांना अशा मंडळींकडे काम शिकायला पाठवी. त्यासाठी दोन गोष्टी लागत : विद्यार्थ्याला झेपेल अशी कल्पना, आणि त्याच्या शेजारी बसणारा माणूस. कल्पनांना तोटा नव्हता. हवामान खात्यातून निवृत्त झालेले एक आजोबा होते. ते चहाच्या प्रत्येक घोटाला एक कल्पना सांगत.

"धूमकेतूंच्या शेपट्या मोजणारा भाग लिहवून घ्या!"

"घेऊ की. आजोबा, शेजारी कोण बसणार? तुम्ही?" ताई विचारी.

"मला कंबर आहे गं बाई."

"आम्हाला काय नुसत्या माना आहेत?"

ताईचा नियम कडक होता. ज्या कल्पनेशेजारी बसायला कुणी नाही, ती कल्पना भिंतीवरच्या यादीत चढायची नाही. "पोरगं बोलवायचं आणि वाऱ्यावर सोडायचं, हे मला जमणार नाही," ती म्हणे.

आणि त्या वर्षी तर मंडळींची शेंडीच संस्थेच्या हाती होती. आदल्या उन्हाळ्यात एक मुलगा काम अर्धवट टाकून निघून गेला होता. त्याच्या शेजारी 'वादळ' बसला होता. एका बँकेत कॉम्प्युटर सांभाळणारा हा माणूस. बोटं इतकी वेगवान की टोपणनावच पडलं. मुलाने काही विचारलं की वादळ म्हणायचा, "सरक जरा, दाखवतो." आणि दाखवता दाखवता सगळं स्वतःच लिहून टाकायचा. शेवटी मुलगा म्हणाला, "माझं काम तर झालंय की. मग मी कशाला येऊ?" तो गेला तो गेलाच. संस्थेने कळवलं, की पुन्हा असं झालं तर तुमच्याकडे विद्यार्थी पाठवणार नाही. तेव्हापासून वादळ माझ्याकडे बघतही नसे.

अशात ती मुलगी आली. दारातूनच तिने तीन प्रश्न विचारले, म्हणून आजोबांनी तिला 'प्रश्नचिन्ह' म्हणायला सुरुवात केली. कल्पना ती स्वतःची घेऊन आली होती.

"माझी आई परदेशात नर्स आहे," ती म्हणाली. "धाकटी बहीण रोज विचारते, आईला दिसतो तोच तारा मला दाखव. तुमचा प्रोग्रॅम एका वेळी एकच आकाश दाखवतो. मला दोन गावांची आकाशं शेजारी शेजारी लावायची आहेत, आणि दोन्हीकडून दिसणारा तारा शोधायचाय. असं करता येईल का?"

आजोबांनी चहाचा पेला खाली ठेवला. मग ताईने विचारलं, "हिच्या शेजारी कोण बसणार?"

जो तो आपल्या चपला बघू लागला. आकाश फिरवण्याचं गणित खोलीत एकालाच पक्कं येत होतं, हे सगळ्यांना माहीत होतं.

"मी नाही," वादळ म्हणाला. "ताई, माझे हात माझं ऐकत नाहीत. या पोरीचंही वाटोळं करीन मी."

"मग हातांवर बस," ताई म्हणाली.

सगळे हसले. वादळ हसला नाही. तो उठला, माझ्यापाशी आला, दोन्ही तळहात माझ्या बैठकीवर टेकवले आणि त्यांच्यावर बसला.

मित्रांनो, तो उन्हाळा मी कसा विसरेन! मुलगी कळफलकावर अडखळे आणि इकडे माझ्या विणीवर त्याच्या दहा बोटांची तगमग चाले. उत्तरं त्याच्या बोटांपर्यंत येत आणि माझ्यापाशी अडत. इतर कुणाला ती दिसत नसत. मला मात्र पावसाच्या सरीसारखी जाणवत, आणि त्या सरीत मी पुन्हा झाड होई.

"दादा, तुमचे हात दुखत नाहीत?" तिने एकदा विचारलं.

"बधिर झालेत. तू लिही."

आणि मग तो दिवस आला. काम दुसऱ्या दिवशी दाखवायचं होतं. डावीकडे आपलं गाव, उजवीकडे आईचं. मुलीने संध्याकाळी आठची वेळ घातली, कारण धाकटीला नऊला झोप यायची. पडद्यावर अक्षरं आली : दोन्हीकडून दिसणारा तारा एकही नाही.

तिने पुन्हा चालवलं. पुन्हा तेच. मग ती वरपासून खालपर्यंत एकेक ओळ तपासू लागली, चांगल्या ओळी खोडून वाईट लिहू लागली. खिडकीतलं ऊन भिंतीवरून उतरलं. शेवटी ती म्हणाली, "मला नाही जमत. उद्या मी येत नाही. तुम्हीच लिहा, दादा. मी सरकते." आणि खरंच तिने खुर्ची मागे सरकवली.

कळफलक मोकळा झाला. वादळाला चूक कुठे आहे ते केव्हाच कळलं होतं. मला त्याच्या बोटांवरून कळलं. त्याचा उजवा हात माझ्यावरून सुटला. ताई दारात उभी होती, तिने डोळे मिटून घेतले. हात हवेत गेला आणि परत येऊन त्याने माझी कड अशी धरली, अशी धरली, की कट्‌ झालं. माझा वेत तुटला.

"काय झालं?" मुलगी दचकली.

"काही नाही. खुर्ची बोलली." मग वादळ अगदी सावकाश म्हणाला, "तुझी आई आत्ता काय करत असेल गं?"

"आत्ता? आत्ता तिची जेवणाची सुट्टी असेल. दुपारी एकला ती बाहेर बाकावर उन्हात बसते, आणि..."

तिची नजर पडद्यावरच्या आठच्या आकड्यावर गेली.

"ऊन," ती म्हणाली. "तिथे आत्ता दुपार आहे, आपल्या आठलाही ऊनच असणार! दादा, माझ्या ओळी चुकल्याच नव्हत्या?"

वादळाचे हात मुकाट त्याच्या मांड्यांखाली परत गेले होते. तिने खोडलेल्या ओळी परत आणल्या, खुर्ची पुढे ओढली आणि वेळ पुढे पुढे सरकवत नेली. नऊ, अकरा, दोन. पडदा कोराच. आमची पहाट व्हायला आली, तिथली संध्याकाळ विझली, आणि दोन्ही आकाशांत सारखेच काही तारे उमटले. आमच्याकडे पश्चिमेला, आईकडे पूर्वेला. त्यांत सर्वांत तेजस्वी होता अभिजित.

दुसऱ्या दिवशी पहाटे मुलीने धाकटीला गदागदा हलवून गच्चीवर नेलं. ती पेंगत म्हणाली म्हणे, "एवढासाच?" तेवढ्यात तिकडून आईचा फोन आला. ती हॉस्पिटलच्या बाकावर बसली होती आणि तिलाही तोच दिसत होता. मी गच्चीवर नव्हते. पण विणीतल्या त्या मोठ्या भोकातून मीही तो पाहिला, असं मला अजून वाटतं. झाडपणी पानांमधून दिसायचा तोच असेल. आता निदान नाव तरी कळलं.

संस्थेने विद्यार्थी पाठवणं चालू ठेवलं. पुढच्या वर्षी आजोबांनी कंबरेला पट्टा बांधला आणि धूमकेतूंच्या शेपट्यांसाठी स्वतः माझ्यावर बसले. तीन उन्हाळे बसले. आता ते नाहीत. ताई वाचनालयातून निवृत्त झाली, किल्ल्या अजून तिच्याचकडे आहेत. धाकटी आता उंचीने मोठ्या बहिणीच्या वर गेली आहे, पण तारे म्हटलं की अजून जांभई देते. त्यांची आई परत आली आणि याच गावातल्या दवाखान्यात आहे. वादळाचं नाव तेच राहिलं, पण किती पोरं शिकवून मोठी केली त्याने, तीही हातांवर बसून!

मध्यंतरी मला विणायला कारागीर आला होता. वादळ त्याला म्हणाला, "तो एक तुटका राहू दे."

"एक तुटका ठेवला की शेजारचे ढिले पडतात, साहेब," कारागीर म्हणाला. शेवटी त्याने शेजारी नवा वेत ओवला आणि जुन्याचं टोक कडेला गाठ मारून ठेवलं. दोघांचंही समाधान झालं.

मित्रांनो, माझ्यावर चढून पंखा पुसू नका, मला ओढत नेऊ नका, एवढं म्हातारीचं ऐका. आणि कुणाच्या शेजारी बसायची वेळ आली तर नीट बसा.

या उन्हाळ्यात नवा विद्यार्थी आला आहे. माझ्यावर प्रश्नचिन्ह बसते. आता ती मोठ्या कामावर आहे, संध्याकाळी येते. काल तो मुलगा अडला. तिचे हात पुढे झाले, थांबले, आणि हळूच तिच्या मांड्यांखाली आले. चाचपत चाचपत एक बोट त्या गाठीपाशी येऊन टेकलं आणि तिथेच राहिलं.

"घाई नाही," ती म्हणाली. "बघ तू."