गल्ली गप्प बसली ती दहा मिनिटं

तयार कपड्यांच्या कारखान्यात ती बावीस वर्षं कटिंगला होती. सगळे तिला मास्तरीणबाई म्हणत. कापडाचे साठ थर एकावर एक रचलेले असत, आणि त्यातून तिची मशीन अशी फिरायची की सगळ्यात वरची बाही आणि सगळ्यात खालची बाही जुळ्या बहिणी वाटाव्यात. डोळे मिटून कापड चिमटीत धरायची आणि सांगायची, "हे धुतल्यावर दोन बोटं आटणार." आणि ते आटायचंच.

एका सोमवारी ती कामाला गेली तर गेटला कुलूप. कुलपाच्या वर एक कागद चिकटवलेला, त्यावर चार ओळी. मालकाने धंदा गुंडाळला होता. कोणी रडत होतं, कोणी शिव्या देत होतं. तिने तो कागद दोनदा वाचला आणि घरची वाट धरली.

घरी सासरे होते. नवरा जाऊन सात वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं, तेव्हापासून त्या दोन खोल्यांत ही दोघंच. सासरे निवृत्त बस ड्रायव्हर. गुडघे थकले होते, पण जीभ अजून टॉप गियरमध्ये होती. तिने दारातच सांगून टाकलं.

"बरं झालं," सासरे म्हणाले. "दुपारी पत्ते खेळायला मला भिडू नव्हता." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी आवाज खाली आणला. "आधी जेव. उपाशीपोटी अक्कल चालत नाही."

पुढचा आठवडाभर ती रोज आठला पिशवी घेऊन बाहेर पडे आणि बागेतल्या बाकावर बसून संध्याकाळी परत येई. गल्लीला कळू नये म्हणून. आठव्या दिवशी सासरे दारात आडवे उभे राहिले.

"सूनबाई, गल्लीला फसवायला चपला झिजवतेस. त्याच चपला त्या मदतीच्या कार्यालयाकडे वळव की. नोकरी अचानक गेली तर सहा महिने वीज, गॅस, पाण्याच्या बिलाला हातभार लावतात. माझ्या डेपोतल्या दोघांना मिळाला होता."

"बाबा, मागायला जायचं? मी?"

"मागायला नाही, अर्ज करायला. इतकी वर्षं तुझ्या पगारातून कर कापला, तेव्हा तुझी लाज कोणी विचारली होती का?"

तिने पिशवीत कागद भरले. ती गेली.

खिडकीमागे गळ्यात चष्म्याची साखळी असलेली एक बाई बसली होती. कामाला चोख. कारखान्याचं पत्र, भाड्याची पावती, मागची बिलं, एकेक कागद उलटत तिने बरोबरच्या खुणा केल्या. पाण्याच्या बिलाशी तिचं पेन थांबलं.

"घरात माणसं किती, ताई?"

"दोन."

"मग बाकीची कुठे लपवलीत? हे पाणी वीस माणसांचं आहे."

तिला वाटलं बाई थट्टा करतेय. पण बाईने बिल फिरवून तिच्यासमोर धरलं. चार महिन्यांपासून आकडा चढतच होता. पगार हातात येत होता तोवर बिल भरायचं नि विसरायचं. वाचतंय कोण!

"वापर इतका दिसला की अर्ज पुढे सरकतच नाही," बाई म्हणाली. "घरात काही धंदा चालतो, असं धरतात. पाणी खात्याचा दाखला आणा, की ही गळती आहे म्हणून. पण शुक्रवारच्या आत. शुक्रवारी या खेपेची यादी बंद होते."

"आणि नाही आणला तर?"

"तर तीन महिन्यांनी पुढची यादी." बाईने चष्मा काढला. "पाणी खात्यात गेलात की कानवाल्यांना विचारा. दुसऱ्या कोणाला विचारू नका."

कानवाले म्हणजे पाणी खात्यातले सगळ्यात जुने एक कामगार. खरं नाव खात्यातही कोणाला आठवत नसावं. गुरुवारी सकाळी ते आले. काटकुळे, कानावर पांढरे केस आलेले, खांद्याला पिशवी, आणि हातात कमरेइतकी उंच लाकडी काठी. काठीच्या वरच्या टोकाला वाटीएवढी पितळी चकती. सासऱ्यांनी काठीकडे पाहून विचारलं, "ही आम्हाला की गळतीला?"

"आधी गळतीला," कानवाले हसून म्हणाले.

त्यांनी घरातले नळ बंद करायला लावले आणि मीटरसमोर उकिडवे बसले. सगळे नळ बंद, तरी मीटरचा बारीक काटा फिरतच होता. घरात कुठे ओल नाही, पोपडे नाहीत. फरशी कोरडी ठणठणीत.

"पाणी वर येत नाही, खालीच जिरतंय," ते म्हणाले. "आता ऐकायला लागेल. खरं म्हणजे आम्ही रात्री ऐकतो, जग झोपलं की. पण तुमची मुदत उद्याची. इथे बाहेर करवत चालू, लॉन्ड्री चालू. या गोंगाटात मला काय ऐकू येणार? दहा मिनिटं गल्ली गप्प करता येईल? आणि नळही बंद हवेत सगळ्यांचे."

गल्ली गप्प करायची म्हणजे दारोदार जायचं, आणि दारोदार जायचं म्हणजे सांगायचं. आठवडाभर बागेतल्या बाकावर बसून जपलेली अब्रू आपल्याच तोंडाने उघडी करायची. ती उंबऱ्यात क्षणभर अडखळली. मग बाहेर पडली.

आधी सुतार. "दादा, माझी नोकरी गेली," ती एका दमात म्हणाली. "बिलाच्या मदतीसाठी गळती शोधायची आहे. दहा मिनिटं करवत थांबवाल?"

सुताराने फळी बाजूला सारली. बटण दाबलं. करवत हळूहळू निजली.

लॉन्ड्रीवाल्याची तिन्ही मशीनं भरलेली, फेसाने काठोकाठ. तो डोकं खाजवत म्हणाला, "मधेच थांबवली तर सगळं पुन्हा करावं लागतं, वहिनी." तिने मान खाली घातली. तोवर त्याने मेन स्विच खाली ओढलासुद्धा. "मग पुन्हा करू. आज काय नवीन करायचंय!" शिवणवाल्या बहिणींनी मशीनवरचे पाय उचलले. कोपऱ्यावरच्या म्हातारीने रेडिओ बंद केला आणि वर दुसऱ्यांना दटावलं. एका घरात तान्हं बाळ रडत होतं. त्याची आई बाळाला खांद्यावर घेऊन पार मोठ्या रस्त्याच्या टोकापर्यंत चालत गेली. बातमी मास्तरीणबाईच्या पुढे धावत होती. शेवटच्या दारापर्यंत तिला जावंच लागलं नाही. ते दार आधीच गप्प झालं होतं.

ती मागे वळली तेव्हा तिचे पाय जागीच थबकले. भर दिवसा अकराला गल्लीत टाचणी पडली तर ऐकू यावं अशी शांतता होती. माणसं होती, सगळी दारात उभी होती, पण कोणी हूं की चूं करत नव्हतं. सुताराच्या हातावर भुसा तसाच होता. हे सगळं तिच्या दोन खोल्यांसाठी. बावीस वर्षं ती या गल्लीतून घाईघाईने ये-जा करत आली होती, पण ही गल्ली तिने कधी पाहिलीच नव्हती. पाय न वाजवता ती घरात शिरली.

कानवाल्यांनी चपला काढल्या होत्या. काठीचं टोक फरशीवर टेकवायचं, चकती कानाला लावायची, डोळे मिटायचे. पाऊलभर सरकायचं. पुन्हा तेच. ते कापड चाचपावं तशी जमीन चाचपत होते, आणि ते बघताना तिला कळलं की हा माणूस कसलेला आहे. हातात कसब असलेल्याला दुसऱ्याचं कसब लगेच ओळखू येतं. सासरेसुद्धा तोंडाला कुलूप लावून बसले होते, हेही एक नवलच.

स्वयंपाकघराच्या ओट्यापासून दोन पावलांवर ते थांबले. थोडं डावीकडे गेले, परत आले. बराच वेळ जागचे हलले नाहीत. मग त्यांनी तिला बोटाने बोलावलं आणि चकती तिच्या कानाला लावली.

आधी काहीच नाही. फक्त स्वतःच्या छातीची धडधड. मग त्या धडधडीच्या मागून एक आवाज वर आला. लांबलचक कापड एका दमात टराटरा फाडताना येतो तसा, फक्त खूप बारीक, आणि न संपणारा. ती वाट बघत राहिली की आता कापड संपेल, आता काठ येईल. काठ आलाच नाही. ती रोज ज्या जागेवर उभी राहून भांडी घासत होती, तिथेच पायाखाली हे चार महिने अखंड चाललं होतं.

कानवाले तिला बाहेर पायरीपाशी घेऊन गेले आणि काठी रस्त्यावर टेकवली. "आता हे ऐका."

इथे फाडण्याचा आवाज नव्हता. खूप खोलवरून एक घुमणं येत होतं, इतकं जड आणि सावकाश, की ते कानाने ऐकू येतंय की हाडांना जाणवतंय, तिला कळेना.

"मोठी वाहिनी," कानवाले कुजबुजले. "अख्खं शहर पितं ते हे."

ती कितीतरी वेळ तशीच वाकून राहिली. दारादारातली माणसं तिच्याकडे बघत होती आणि तिला त्याचं काही वाटत नव्हतं.

मग फरशी काढली. हातभर खणलं तरी माती कोरडीच. सासऱ्यांना राहवेना. "साहेब, काठी नाही ना चुकली?"

"अजून वीतभर," कानवाले म्हणाले, वर न बघता.

वीतभर खणल्यावर माती काळी झाली, मग चिखल, आणि मग गंजलेल्या सांध्यातून पाण्याची बारीक पिचकारी थेट कानवाल्यांच्या मनगटावर. काठी जिथे टेकली होती त्याच्या बरोबर खाली. बोटभरसुद्धा इकडेतिकडे नाही. सासऱ्यांनी दोन्ही हात जोडले. दहा मिनिटं केव्हाच सरली होती, तरी गल्ली थांबली होती; आता करवत पुन्हा सुरू झाली, मागोमाग लॉन्ड्रीची मशीनं, आणि कोपऱ्यावरच्या म्हातारीने रेडिओ नेहमीपेक्षा मोठ्याने लावला.

"हे शिकलात कसं?" तिने चहा देताना विचारलं.

"माझ्या उस्तादांनी पहिले सहा महिने नुसतं गप्प बसवलं," कानवाले म्हणाले. "तेच अवघड. बाकी सोपं आहे."

दाखला त्यांनी तिथेच ओट्यावर लिहून दिला. शुक्रवारी कार्यालय उघडायच्या आधी ती दारात उभी होती. तीन आठवड्यांनी पत्र आलं: सहा महिने मंजूर, आणि गळतीचं जादा बिल माफ. सासऱ्यांनी ते पत्र चष्मा लावून मोठ्याने वाचलं, जणू त्यांनीच मंजूर केलं होतं.

पाचव्या महिन्यात तिला इस्पितळाच्या कपडेविभागात कटिंगचं काम मिळालं. मदत थांबवा, हे सांगायला ती स्वतः खिडकीवर गेली. चष्म्याच्या साखळीवाल्या बाईने नोंद केली, शिक्का मारला, आणि कागद परत देताना तो हातात धरूनच ठेवला.

"एक विचारू, ताई? त्या काठीतून काय ऐकू येतं हो? इतकी वर्षं मी माणसं त्यांच्याकडे पाठवते, पण मी कधी ऐकलं नाही."

तिने सांगायला तोंड उघडलं. कापड म्हणावं तर ते कापड नव्हतं, घुमणं म्हणावं तर ते तेवढंच नव्हतं. मागे रांग वाढत होती. शेवटी तिने आपला तळहात खिडकीच्या लाकडी फळीवर उपडा ठेवला आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "खाली खूप मोठं काहीतरी चाललेलं असतं. सतत."

बाईने पेन खाली ठेवलं आणि आपलाही तळहात फळीवर ठेवला. रांगेतलं कोणीच घाई करा म्हणालं नाही.