कोऱ्या पाण्यातली टेकडी

प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुण्याचं काम मावशींकडे अकरा वर्षं होतं आणि त्यांच्या हातच्या भांड्यांना आजवर कुणी नाव ठेवलं नव्हतं. त्यामुळे संशोधक मॅडम तेच भांडं चौथ्यांदा उजेडात धरून बघायला लागल्या, तेव्हा मावशींच्या कपाळावर आठी पडली.

मॅडम वयाने त्यांच्या मुलीएवढ्या. पाण्यात उरलेलं विषारी तणनाशक हुडकणारं यंत्र त्या बनवत होत्या. यंत्र म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी पेटी. तिला बोटभर लांबीची पट्टी जोडायची, पट्टी पाण्यात बुडवायची, की पडद्यावर रेघ सरकू लागायची. पाण्यात तणनाशक असलं की ते पट्टीवरून थोडी वीज उचलायचं आणि रेघेला तिथे टेकडी यायची. औषध जास्त, तर टेकडी उंच. ज्यात काहीच नाही अशा शुद्ध पाण्याला मॅडम कोरं पाणी म्हणायच्या. त्याची रेघ सपाट यायला हवी.

आठवडाभर कोऱ्या पाण्यात टेकडी येत होती.

"पाणी बदललं, पट्ट्या बदलल्या, रसायनांच्या बाटल्या बदलल्या," मॅडम म्हणाल्या. "आता मीच तेवढी बदलायची राहिलेय."

"माझ्या भांड्यांत येतंय का ते?" मावशींनी विचारलं.

मॅडम जरा घुटमळल्या. "नव्या प्लास्टिकच्या भांड्यात येत नाही. पण मला तुमच्यावर ठपका ठेवायचा नाही, मावशी."

"ठपक्याचं राहू द्या हो. येतंय कुठून, ते बघायला नको?"

मावशींचा स्वभावच तसा. घरी साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्या, तर त्या आधी रांगेच्या मागे मागे भिंतीतल्या भोकापर्यंत जायच्या, मग डबा उचलायच्या. त्यांनी चार भांडी घेतली. एक नुसतं नळाखाली धुतलं, दुसरं साबणाने, तिसरं साबणानंतर शुद्ध पाण्याने विसळून पालथं घातलं, आणि चौथं तसंच विसळून फडक्याने आतून पुसलं.

"पुसलंत?" मॅडमनी विचारलं.

"वाळवायची भट्टी बंद पडलीय ना. आठवडा झाला, पुसूनच देतेय."

तीन भांड्यांची रेघ सपाट आली. चौथ्यात टेकडी उभी राहिली.

मावशींना आधी आनंदच झाला. मुंग्यांचं भोक सापडलं होतं. मग मॅडमनी विचारलं, "फडकं कुठलं आहे हे?"

"घरचंच. यांचा जुना शर्ट फाडून केलंय. दोनदा उकळून काढलंय."

"काका काय काम करतात?"

मावशींनी हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. त्यांचे यजमान एका मोठ्या क्रीडांगणाची देखभाल करायचे. पाठीला टाकी बांधून कडेकडेचं गवत मारायचं औषध फवारायचे. मावशींच्या डोळ्यांसमोर त्यांच्या उजव्या हाताची नखं आली: दोन नखांवर पांढरे पट्टे, एक मुळातून सुटत आलेलं. हातोडी लागली, असं त्यांनी सांगितलं होतं, आणि मावशींनी ते मान्य करून टाकलं होतं.

संध्याकाळी चहा पिताना त्यांनी विषय काढला.

"अहो, दोन नखांवर एकाच वेळी हातोडी कशी बसली?"

"तू आता पोलिसात भरती झालीस का?" यजमान हसले. "वीस वर्षं फवारतोय. काही झालं असतं तर एव्हाना झालं नसतं?"

"मग शनिवारी चला माझ्याबरोबर. काही नसेल तर रेघ सपाट येईल."

ते आले, ते बायकोला खोटं पाडायलाच. मॅडमनी त्यांना साबणाने स्वच्छ हात धुवायला लावले आणि मग नव्या भांड्यातल्या कोऱ्या पाण्यात बोटं बुडवायला सांगितली. पट्टी बुडाली. रेघ सरकली आणि चढायला लागली.

"हे माझ्या हातांचं?" त्यांनी विचारलं.

"धुतलेल्या हातांचं," मावशी म्हणाल्या.

यजमानांनी पिशवीतून जेवणाचा डबा काढून टेबलावर ठेवला. "याची कडी बघता का जरा?"

कडी बुडवलेल्या कोऱ्या पाण्यात त्याहून उंच टेकडी आली. नऊ वर्षं ते त्याच डब्यातून जेवत होते. त्यानंतर त्यांनी हसण्यावारी नेणं सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी टाकीच खोलली. पाठीकडच्या जोडातला रबरी वायसर फाटला होता. तिथून औषध थेंबाथेंबाने शर्टात मुरायचं आणि पट्टा सारखा करताना उजव्या हाताला लागायचं. हे विष फुप्फुसांवर जातं, म्हणून डॉक्टरांनी छाती तपासली. फुप्फुसं ठीक निघाली. नखं यायला सहा महिने लागतील म्हणाले, पण पुन्हा अंगावर औषध घेतलं तर मग माझ्याकडे येऊ नका, असंही सुनावलं. मैदानाच्या व्यवस्थापकाने आधी कानांवर हात ठेवले. मग मॅडम स्वतः रेघांचे कागद घेऊन गेल्या, तेव्हा कुठे फवारणी थांबली आणि कडेला गवत कापायचं यंत्र फिरू लागलं. घरातले सगळे जुने शर्ट मावशींनी दोन पिशव्यांत बांधले आणि मॅडमनी ते विषारी कचऱ्यात पाठवले.

भट्टी दुरुस्त झाली. मॅडमच्या वहीत एक नवा नियम चढला: भांड्याला फडकं लावायचं नाही.

यजमानांचं मात्र तेवढ्यावर भागलं नाही. मैदानात मुरलेलं औषध जातं कुठे, हे त्यांच्या डोक्यात घोळत राहिलं. आता दर शनिवारी ते चार-पाच बाटल्या घेऊन येतात. कधी मैदानाच्या उतारावरच्या गटाराचं पाणी, कधी शेजारच्या बागेतल्या हौदाचं, कधी बाटलीत ढवळलेली नुसती माती. बाटल्यांवर फक्त आकडे टाकलेले असतात आणि आकड्यांचा कागद खिशात.

"हे कुठलं पाणी, काका?" मॅडम विचारतात.

"आधी तुम्ही सांगा काय निघतं," खुर्ची पडद्याजवळ ओढत ते म्हणतात, "मग मी सांगतो कुठलं ते."