धुतलेल्या काड्या

लोर्ना पेत्राकिसच्या यंत्रावरचं पेन सरळ वर चढत गेलं आणि कागदाच्या कडेला जाऊन थांबलं. रक्ताची गुठळी झाली होती. व्हायला नको होती. नळीत गुठळी रोखणारं तिचं औषध होतं.

तिनं दुसरी नळी लावली. पेन परत वर. तिसरी लावायचा तिला खरं तर कंटाळा आला होता, पण लावली.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या प्रयोगशाळेच्या टेकडीवर दुपारचे दोन वाजले तरी धुकं हटायचं नाव घेत नव्हतं. गुरुवारी तिचे साहेब, डॉ. वेल्डन हास, शिकागोच्या परिषदेत याच औषधावर बोलणार होते. त्यावर लोर्नाची पुढची दोन वर्षांची नेमणूक अवलंबून होती. मागची तीन वर्षं तर त्यात गेलीच होती.

प्लेटलेट म्हणजे रक्तातली चिमुकली पेशी; तिच्या अंगावर एका जातीचा रिसेप्टर, म्हणजे संदेश घेणारा रेणू असतो, आणि असे शेकडो. रक्त गोठवणारं थ्रॉम्बिन येतं आणि रिसेप्टरचं बाहेर लोंबणारं टोक कापतं. कापल्यावर उरलेलं नवं टोक वळतं आणि त्याच रिसेप्टरच्या खाचेत जाऊन बसतं. किल्ली बाहेरून आणावी लागत नाही, कुलपालाच बांधलेली असते. मग प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात. पण कापलेलं टोक काही पुन्हा उगवत नाही, तो रिसेप्टर एकदाच कामाला येतो. लोर्नाचं औषध ती खाचच अडवून बसायचं आणि गुठळी होऊ द्यायचं नाही. निदान कालपर्यंत तरी असंच होतं.

आज वेगळं काय होतं? रक्त नेहमीचंच, रेमीचं. रेमेदिओस अबाया ही प्रयोगशाळेतली जुनी मदतनीस. दर पंधरा दिवसांनी ती बाही वर करून बसायची. अ‍ॅस्पिरिन घेतलं की प्लेटलेट्स बिघडतात, म्हणून गुडघा ठणकत असूनही तिनं तीन वर्षांत एक गोळी घेतली नव्हती. दुसऱ्या गोळ्यांनी तिला ढिम्म फरक पडत नसे. आज सकाळी रक्त देऊन ती गुडघाच दाखवायला गेली होती.

म्हणून काड्या धुवायच्या राहिल्या होत्या.

नळीत ढवळायला नखाएवढ्या लोखंडी काड्या लागतात. लोर्नाचा शिरस्ता असा, की सकाळी नव्या काड्या घालून औषधाशिवायच्या, नुसतं थ्रॉम्बिन घातलेल्या नळ्या उरकायच्या. दुपारी त्याच काड्या रेमी साबणानं धुऊन द्यायची आणि त्या औषधाच्या नळ्यांत पडायच्या. आज मात्र लोर्नानं नवं पाकीट फोडलं होतं.

तिनं सकाळच्या काड्या रेमीसारख्याच धुतल्या, औषध न घालता प्लेटलेट्समध्ये टाकल्या, नेहमीसारखं थोडं थांबून थ्रॉम्बिन घातलं. पेन जागचं हललं नाही.

म्हणजे धुतल्यावरही काड्यांना थ्रॉम्बिन चिकटून राहत होतं. अगदी लेशभर. तेवढ्यानं गुठळी होत नव्हती, पण थांबण्याच्या त्या वेळात रिसेप्टर एकेक करून गुपचूप कापले जाऊन फुकट संपत होते. औषधानं कधीच काही अडवलं नव्हतं. चार वेळा करून पाहिलं. मग तिनं शिकागोला फोन लावला.

"नक्की?" हासनी विचारलं.

"चार वेळा केलं."

"मग मी गुरुवारी काय बोलू, लोर्ना?"

"या औषधाबद्दल काहीच बोलू नका."

"तुझ्या नेमणुकीचं काय होईल, कळतंय ना तुला?"

"कळतंय."

फोन ठेवल्यावर तिला रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. नुसती झोप येत होती, टेबलावर डोकं टेकून पडून राहावंसं वाटत होतं.

रेमी लंगडत आत आली ती थेट मोरीकडे. "अगं बाई, काड्या तू धुतल्यास? आज सूर्य कुठून उगवला?"

लोर्नानं सगळं सांगितलं. सांगताना तिला त्या म्हातारीकडे बघवेना.

रेमीनं धुतलेली एक काडी उचलून उजेडात धरली. "मी नीट धुतल्या नाहीत का गं?"

"तू नीटच धुतल्यास. क्रम मी लावला होता. कधी उलटा करून बघितला असता तर पहिल्याच महिन्यात कळलं असतं. तुझा गुडघा तरी वाचला असता."

"गुडघ्याला डॉक्टर म्हणाला, अ‍ॅस्पिरिन घ्या. मी म्हटलं, आमच्या पोरीला विचारते."

लोर्नानं खण उघडला. स्वतःच्या डोकेदुखीची बाटली काढून तिच्यापुढे ठेवली. "घे. संपलं सगळं."

रेमीनं दोन गोळ्या हातावर घेतल्या, तोंडात टाकल्या आणि नळाच्या पाण्याबरोबर गिळल्या. लोर्ना बघत राहिली. आता तिला रडू आलं, आणि ते लवकर थांबेना.

"रडून घे," रेमी खुर्ची ओढून बसत म्हणाली. "प्लेटलेट दहा दिवस जगते, तूच शिकवलंस ना? दहा दिवस मला गोळ्या खाऊ दे. पुढचे दहा दिवस बंद करते. मग सगळ्या नव्या आल्या की सुई घेऊन ये."

"नेमणूकच नसली तर?"

"आत्ताची जूनपर्यंत आहे ना? मग. आणि हे बघ, काड्या नव्या आण. मी आता एकही धुणार नाही."